उन्हाळ्यात युरिया मातीआड करा

उन्हाळी पिकांना वरखत देण्याचे दिवस आलेत, म्हणून कळकळीने सांगतो: युरिया फोकून मोकळे होऊ नका, तो मातीआड करा.

युरियात ४६ टक्के नत्र असतं, पण आधी त्याचा अमोनियम झाल्यावरच पीक त्यातलं बहुतेक नत्र उचलतं. हे काम जमिनीतलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) करतं. ते सूक्ष्मजीवांकडून आणि पिकांच्या अवशेषांतून येतं, त्यामुळे उघड्या मातीपेक्षा पाचटावर कितीतरी जास्त सापडतं. तापमान १० अंशांनी चढलं की त्याचं काम साधारण दुप्पट वेगाने होतं. बरीच विकरं ४०-५० अंशांपुढे निकामी होऊ लागतात. युरिएज चिवट आहे, तापलेल्या जमिनीतही ते थांबत नाही. थंडीत जिथे आठवडा किंवा जास्त लागतो, तिथे उन्हाळ्यात ओल मिळाली की दोन-चार दिवसांत काम उरकतं.

मात्र नुकसान होतं ते सामूमुळे (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा). शेताचा सामू ७ असला तरी विरघळणाऱ्या दाण्याभोवती तो ९ च्या आसपास चढतो. सामू ७ असताना अमोनियमचा शेकडा एक भागही अमोनिया वायू होत नाही. ९ ला जवळपास तिसरा हिस्सा होतो. दाणा वर पडलेला असेल तर हा अमोनिया हवेत जातो, खाली असेल तर ओली माती त्याला धरून ठेवते.

खात्री करायची असेल तर दोन बरण्यांत पाचट मिसळलेली ओलसर माती घ्या, वर चमचाभर युरिया टाका, झाकणं लावा. एक उबेला ठेवा, दुसरी फ्रीजमध्ये. तिसऱ्या दिवशी झाकणं जरा सांभाळून उघडा. उबेतल्या बरणीचा वास नाकाला झोंबेल. तेच तुमचं नत्र.

म्हणून कोळपणीच्या आधी युरिया द्या आणि किमान ५ सेंटिमीटर खाली जाऊ द्या, किंवा दिल्याबरोबर पाणी सोडा. दव पडलेल्या पाचटावर फेकणं सगळ्यात वाईट, कारण तेवढ्या ओलीने दाणा विरघळतो पण खाली उतरत नाही. चुनखडीच्या जमिनीत तर वरून देऊच नका. आम्लधर्मी जमिनीत धोका कमी असतो, पण तिथे नुकताच चुना टाकला असेल तर तो मातीत नीट मिसळेपर्यंत युरिया थांबवा. राखेत मिसळूनही देऊ नका, राख सामू चढवते.