शैवालबहराच्या काळात किनाऱ्यावरील हवेपासून श्वसनमार्ग कसा जपावा

समुद्रात किंवा तलावात विषारी सूक्ष्म शैवालांची अतोनात वाढ झाली, की बहुतेक लोक पाण्यात उतरण्याचे टाळतात आणि तेवढ्यावर निश्चिंत होतात. मात्र काही शैवालांची विषे हवेतूनही शरीरात शिरतात, त्यामुळे पाण्यापासून दूर वाळूवर बसलेल्या माणसालाही त्यांचा त्रास होऊ शकतो. अशा वेळी पाण्याच्या रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा वाऱ्याची दिशा आणि लाटांचा जोर पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

मेक्सिकोच्या आखातात, विशेषतः फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कारेनिया ब्रेविस या एकपेशीय शैवालामुळे ‘लाल भरती’ येते. या पेशीला कठीण कवच नसल्याने ती लाटांच्या माऱ्यात सहज फुटते आणि तिच्यातील ब्रेवेटॉक्सिन पाण्यात मिसळते. पुढे लाटांच्या फेसातील बुडबुडे फुटताना उडणाऱ्या अतिसूक्ष्म तुषारांबरोबर ते वाऱ्यावर स्वार होते. हे विष चेतापेशींमधील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते, त्यामुळे श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आकसतात. खोकला, शिंका, घशात खवखव, डोळ्यांची जळजळ आणि नाक वाहणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. भूमध्य समुद्रात ऑस्ट्रिऑप्सिस या शैवालामुळेही असेच घडते. 2005 साली इटलीतील जेनोआ येथे सुमारे 200 जणांना ताप, खोकला व धाप लागल्याने वैद्यकीय मदत घ्यावी लागली होती.

किनाऱ्यावर जाण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाची सूचना पाहावी. फ्लोरिडासारख्या ठिकाणी श्वसनत्रासाचा किनारानिहाय अंदाजही दिला जातो आणि तो अवश्य वाचावा, कारण एका किनाऱ्यावर त्रास होत असताना शेजारचा किनारा निर्धोक असू शकतो. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे तुषार जमिनीवर आणतात, तर रात्री व पहाटे वाहणारे मतलई वारे ते समुद्राकडे नेतात. म्हणून जाणे भागच असेल, तर वारा जमिनीकडून वाहत असतानाची वेळ निवडावी. किनाऱ्यावर मेलेले मासे दिसले किंवा आजूबाजूची माणसे एकाएकी खोकू लागली, तर सूचनाफलक शोधत न बसता तेथून निघावे.

त्रास सुरू झाल्यास पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे त्या हवेतून बाहेर पडणे. वातानुकूलित खोलीत, दारे-खिडक्या बंद ठेवून बसल्यास निरोगी माणसाची लक्षणे बहुधा लवकर ओसरतात. नीट बसणारा, सूक्ष्म कण अडवणारा मास्क थोडाफार आधार देतो. तोंडाला बांधलेल्या रुमालावर मात्र विसंबू नये.

दमा किंवा फुप्फुसांचा जुनाट विकार असलेल्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना थोडा वेळ अशा हवेत राहिल्यानेही दम्याचा झटका येऊ शकतो आणि घरी परतल्यावरही लक्षणे काही दिवस रेंगाळू शकतात. बहर असेपर्यंत त्यांनी किनारा टाळावा हे उत्तम. किनाऱ्याजवळच राहत असल्यास इनहेलर हाताशी ठेवावा आणि नियमित औषधे चुकवू नयेत.

गोड्या पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला, तर नील-हरित शैवालाची शंका घ्यावी. त्यातील मायक्रोसिस्टिन मुख्यतः यकृताला अपाय करते. तेथे लाटा नसल्या तरी वेगवान बोटी, वॉटर स्कूटर आणि तुषार सिंचन पाण्याचे थेंब हवेत उडवतात, म्हणून असे पाणी फवाऱ्याने बागेलाही देऊ नये. ते उकळल्याने विष नष्ट होत नाही.

किनाऱ्यावर साचून कुजणाऱ्या मोठ्या शैवालाचा धोका वेगळा आहे: त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू सुटतो. सडक्या अंड्यांसारखा वास आला की दूर व्हावे. वास येईनासा झाला म्हणून धोका टळला असे मानू नये, कारण वायूचे प्रमाण फार वाढल्यास नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते.

धाप थांबत नसेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल किंवा इनहेलरने आराम पडत नसेल, तर तातडीने डॉक्टरांकडे जावे आणि आपण कोणत्या किनाऱ्यावर किती वेळ होतो हे आपणहून सांगावे. ओठांना मुंग्या येत असतील किंवा तोल जात असेल, तर अलीकडे शिंपले अथवा कालवे खाल्ली होती का, हेही सांगावे. ही लक्षणे बहुधा श्वासावाटे नव्हे, तर अन्नावाटे झालेल्या विषबाधेची असतात, आणि शिजवल्याने ते विष जात नाही.