ब्रह्मपुत्रेचा नकाशा स्वतः कसा काढावा

ब्रह्मपुत्रेचा अभ्यास करू पाहणाऱ्याने भारताचा नकाशा आधी बाजूला ठेवावा. त्यात ही नदी अरुणाचलच्या सीमेवर एकाएकी प्रकट होते आणि आसाममधील धुबरीच्या पुढे दिसेनाशी होते. प्रत्यक्षात तिच्या सुमारे २,९०० किलोमीटर लांबीपैकी जेमतेम एक तृतीयांश भाग भारतात आहे. म्हणून तिबेटपासून बंगालच्या उपसागरापर्यंतचा प्राकृतिक नकाशा घ्यावा, त्यावर ट्रेसिंग पेपर पसरावा आणि राजकीय सीमा सर्वांत शेवटी काढाव्यात.

कैलास-मानसरोवर परिसरातील हिमनद्यांपासून रेघ सुरू करून ती हिमालयाला समांतर पूर्वेकडे न्यावी. इथे नदीचे नाव यार्लुंग त्सांगपो आहे. अरुणाचलात ती सियांग होते, पासीघाटच्या खाली दिबांग आणि लोहित येऊन मिळाल्यावर ब्रह्मपुत्रा, तर बांगलादेशात जमुना. पुढे ती पद्मेला (गंगेचे बांगलादेशातील नाव) आणि चांदपूरजवळ मेघनेला मिळते. नाव जिथे बदलते तिथेच ते लिहावे, नाहीतर जुने वृत्तान्त वाचताना गोंधळ होतो.

नामचा बारवा (७,७८२ मीटर) या शिखराभोवतीच्या वळणाचे मात्र वेगळे, मोठ्या प्रमाणावरचे रेखाटन करावे, कारण त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा एकच की वेगळ्या हा एकोणिसाव्या शतकातला वाद याच दरीपाशी अडला होता. १८८० मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने सिक्कीमच्या किंथुप या निरक्षर माणसाला एका लामासोबत तिकडे पाठवले. लामाने त्याला गुलाम म्हणून विकले. सुटका करून घेतल्यावरही किंथुपने काम सोडले नाही. त्याने पाचशे ओंडके तोडून त्यांवर खुणा केल्या आणि ठरल्याप्रमाणे रोज पन्नास या हिशेबाने ते नदीत सोडले, म्हणजे ते आसामात दिसले की प्रश्न सुटणार होता. पण ओंडके कधी सोडणार हे कळवणारे त्याचे पत्र वेळेवर पोहोचले नाही आणि ओंडक्यांवर लक्ष ठेवायला खाली कोणीही नव्हते. १९१३ मध्ये बेली आणि मॉर्सहेड या अधिकाऱ्यांनी त्या भागाची पाहणी केली तेव्हा किंथुपने परतल्यावर सांगितलेले वर्णन बऱ्याच अंशी खरे ठरले. या वळणावर किंथुपचे नाव लिहिल्याशिवाय नकाशा पुरा झाला असे मी मानत नाही.

आता दुसरा कागद बांगलादेशासाठी घ्यावा. अठराव्या शतकात जेम्स रेनेल यांनी केलेल्या सर्वेक्षणात मुख्य प्रवाह मधुपूरच्या उंचवट्याच्या पूर्वेकडून, मैमनसिंगवरून जाताना दिसतो. आज तो पश्चिमेकडून जातो. १७८७ मध्ये तिस्तेला प्रचंड पूर आला आणि ती ब्रह्मपुत्रेकडे वळली, त्यानंतर काही दशकांत हे स्थलांतर पूर्ण झाले. जमिनीच्या हालचालींचाही त्यात वाटा मानला जातो. जुने पात्र तुटक रेषेने काढावे आणि प्रत्येक प्रवाहाशेजारी काळ लिहावा. काळ न लिहिता काढलेले या नदीचे पात्र दिशाभूल करते.

त्यानंतर पाऊस रंगवावा. तिबेटचे पठार पर्जन्यछायेत असल्याने नदीचे बरेचसे पाणी वळणाच्या खाली, अरुणाचल आणि आसामच्या पावसातून येते. चीनने धरण बांधले की नदी आटेल, असे सरसकट म्हणणाऱ्याने हा रंग आधी पाहावा. याचा अर्थ धोका नाही असा नव्हे: २००० मध्ये तिबेटात यीगोंग नदीवर दरड कोसळून साचलेला तलाव जूनमध्ये फुटला आणि त्याच्या लोंढ्याने सियांगच्या खोऱ्यातील पूल वाहून नेले. वर काय घडते आहे हे खाली वेळेत कळणे किती मोलाचे आहे, ते यावरून ध्यानात येते.

सीमा आता काढाव्यात आणि प्रत्येकीशेजारी तिथली कराराची स्थिती लिहावी. भारत आणि चीन यांच्यात पूरकाळातील माहिती देण्याविषयी २००२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि त्याची मुदत २०२३ मध्ये संपली; पाणीवाटपाचा करार तर नाहीच. भारत आणि बांगलादेश यांचा संयुक्त नदी आयोग १९७२ पासून आहे. १९९६ चा करार मात्र फराक्का येथील गंगेच्या पाण्यापुरता आहे, ब्रह्मपुत्रेला तो लागू होत नाही.