समाऱ्याच्या राजवाड्यांतली तिरक्या कापाची नक्षी जिप्सममध्ये कशी कोरावी

अब्बासी खलिफा अल-मुतसिमने ८३६ मध्ये बगदादहून राजधानी हलवली ती टायग्रिसच्या काठी, समाऱ्याला. ८९२ पर्यंत ती तिथेच होती. एवढ्या कमी काळात मैलोगणिक राजवाडे उभे राहिले, बहुतेक मातीच्या विटांचे, आणि त्यांच्या भिंतींचा खालचा भाग जिप्समच्या कोरीव गिलाव्याने मढवला गेला.

या नक्षीच्या तीन शैली मानतात. ‘ए’मध्ये द्राक्षवेल लगेच ओळखू येते: देठ, घोस, पाच पाळ्यांची पाने, आणि मागे खोल खोदलेली पार्श्वभूमी. ‘बी’मध्ये देठ नाहीसे होतात आणि पाने बारीक ठिपक्यांनी भरतात. ‘सी’मध्ये पार्श्वभूमीच उरत नाही, प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजू उतरत्या असतात आणि एका आकाराची कड हीच शेजारच्या आकाराची कड असते. नवशिक्यांना वेल सोपी वाटते, पण सुरुवात ‘सी’ने करावी. खोल खोदाईत पातळ देठ तुटतात, तिरक्या कापात तुटण्यासारखे काही सुटे राहतच नाही. शिवाय उतरत्या बाजू साच्यातून अलगद सुटतात, त्यामुळे एकच नमुना मोठ्या भिंतीवर भराभर उठवता येतो.

ओतकाम

आतून ३० × ३० सेंमी आणि ३ सेंमी उंच अशी लाकडी चौकट काचेवर ठेवा. काच आणि चौकट दोन्हींना तेलाचा पातळ हात द्या. काचेला लागलेली बाजू सपाट निघते, नक्षी तिच्यावरच कोरायची.

अडीच किलो प्लास्टर ऑफ पॅरिस (पीओपी; पाण्याशी मिळून घट्ट झाले की ते जिप्समच होते) आणि पावणेदोन लिटर थंड पाणी लागेल. घमेल्यात आधी पाणी, मग त्यावर पीओपी चाळत सोडा. उलट केल्यास गुठळ्या होतात. दोन मिनिटे भिजू द्या, मग बुडबुडे न उठवता हलकेच ढवळा. जास्त घोटाल तर माल घमेल्यातच धरेल. मागच्या खेपेचे कण चिकटलेले घमेले वापरले तरी हेच होते, म्हणून ते आधी खरवडून धुवा. आणि धरू लागलेल्या मालात पाणी घालून तो पातळ करू नका. असा माल वरून बरा दिसतो, पण पटाशी लागताच भुगा होतो.

काथ्या घालायचा तर ओतताना शेवटच्या एक सेंटिमीटरात, म्हणजे मागच्या बाजूला. पुढे आला तर हत्यारात अडकून कड उखडतो. पाऊण तासाने चौकट काढा, की कोरायची फरशी तयार.

आखणी आणि कोरीव काम

कागदावर १५ सेंमीच्या चौरसात अर्धे पान आणि त्याच्या टोकाला गुंडाळत जाणारे वर्तुळ काढा. देठ नको. चौरस शेजारी आणि खाली आरशासारखा उलटवला की ३० सेंमीची समतोल नक्षी मिळते. कागद फरशीवर ठेवून रेषांवर सुईने टोचत जा.

कोरायचे ते ओल्यातच. ओले जिप्सम वाळलेल्याच्या साधारण निम्म्या ताकदीचे असते, त्यामुळे ते साबणासारखे सोलले जाते; वाळल्यावर त्याच्या कपच्या उडतात. काम थांबवताना ओले फडके आणि वर प्लॅस्टिक गुंडाळा.

अरुंद पात्याने रेषेवर ४ मिमी खोल सरळ चीर द्या. नंतर पटाशी आडवी धरून दोन्ही बाजूंनी सुमारे १२ मिमी अंतरावरून चिरेकडे उतार काढा आणि तो थराथराने ६ मिमीपर्यंत न्या. एकाच फटक्यात खोल जाऊ नका. वर्तुळाच्या मध्याशी उतार अरुंद होतो, तिथे पटाशीऐवजी टोकदार चाकू लागतो. सगळ्या चिरांची खोली सारखी ठेवा, कारण या शैलीत आकार दिसतो तो सावलीमुळे. अधूनमधून खोलीतला दिवा बंद करून फरशीच्या कडेला विजेरी जवळजवळ आडवी धरा: जिथे सावली तुटते तिथे उतार कमी पडला आहे. समोरच्या उजेडात ही चूक दिसत नाही. काम झाल्यावर हत्यारे पुसून ठेवा, ओल्या जिप्सममध्ये लोखंड गंजते आणि तांबडा डाग फरशीत उतरतो.

वाळवण आणि बसवणे

सावलीत, वारा दोन्ही बाजूंना लागेल अशी उभी ठेवा. हीटर किंवा भट्टी नको. जास्त उष्णतेने जिप्सममधले पाणी सुटून पृष्ठभाग भुसभुशीत होतो. वजन दोन दिवस लागोपाठ सारखे भरले की फरशी वाळली. समाऱ्याच्या गिलाव्यावर रंगाचे अवशेष सापडले आहेत, तेव्हा रंगवायला हरकत नाही. फक्त जाड रंगाने चिरा बुजवू नका.

भिंतीवर पीओपीनेच बसवा. ओल्या सिमेंटला जिप्सम लागले तर सांध्यात फुगवटा येऊन तडे जातात. पावसात तर ही फरशी मुळीच टिकणार नाही, कारण जिप्सम पाण्यात थोडे थोडे विरघळते. बीबी का मकबऱ्याचा गिलावा उघड्यावर उभा आहे तो चुन्याचा म्हणून. बाहेरच्या भिंतीसाठी चुनाच घ्यावा, आणि त्याची पद्धत वेगळी.