पटायात फ्लॅट घेताय? आधी ४९ टक्क्यांचं विचारा

पटायाजवळच्या जोमतिएनला समुद्र दिसणारा फ्लॅट घ्यायचा विचार असेल, तर बाल्कनीत उभं राहण्याआधी इमारतीच्या ऑफिसात जा. थायलंडच्या कायद्याने एका कॉन्डो इमारतीतल्या (जिथे प्रत्येक फ्लॅट स्वतंत्रपणे नावावर होतो) सगळ्या फ्लॅटच्या एकूण क्षेत्रफळापैकी जास्तीत जास्त ४९ टक्केच परदेशी लोकांच्या नावावर होऊ शकतं. हा कोटा भरला असेल तर एजंट ३० वर्षांचा भाडेपट्टा पुढे करतो आणि त्यालाच ‘मालकी’ म्हणतो. ती मालकी नव्हे. कोटा शिल्लक असल्याचं पत्र इमारतीच्या व्यवस्थापनाकडून लेखी घ्या.

पैसे इथून परकीय चलनातच पाठवा, बाथ या थाई चलनात रूपांतर तिथल्या बँकेत होऊ द्या, आणि पाठवताना ‘कॉन्डो खरेदीसाठी’ हे कारण नोंदवा. त्या बँकेचा तसा दाखला नसेल तर लँड ऑफिसात (मालमत्ता नोंदणीच्या सरकारी कचेरीत) फ्लॅट तुमच्या नावावर चढत नाही. भारतातून माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवायला विसरू नका.

फ्लॅट घेतला म्हणून व्हिसा मिळत नाही. शिवाय हॉटेलचा परवाना नसताना ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने पर्यटकांना भाड्याने देणं तिथे बेकायदा आहे, त्यामुळे ‘भाड्यातूनच हप्ते फिटतील’ हे गणित कागदावरच छान दिसतं.

आणि बघायला जायचंच, तर डिसेंबरात नको, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात जा. रस्त्यावर पाणी कुठे तुंबतं, खाऱ्या वाऱ्याने रेलिंग किती गंजलंय, लिफ्ट चालते का, हे तेव्हाच कळतं.