व्हिगन घर राखायला माणूस कसा शोधावा

आठ-पंधरा दिवस कुलूप लावून गावाला जाणे ज्यांना जमते, त्यांना राखणदाराची गरज पडत नाही. ज्यांच्या अंगणात कुत्रा आहे, गच्चीवर कुंड्या आहेत आणि ज्यांच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यांना मात्र मागे कुणाला तरी ठेवावेच लागते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात पाण्याची एक पाळी चुकली, तर परतल्यावर हातपाय धुण्याआधी टँकरवाल्याला फोन करावा लागतो, त्यामुळे घर राखायला माणूस ठेवणे इथे कुणाला नवलाचे वाटत नाही. घर व्हिगन असेल, म्हणजे मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर दूध, दही, तूप आणि मधही त्या घरात येत नसेल, तर मात्र या शोधात एक अडचण वाढते. आणि ती बहुतेकांना वाटते त्या ठिकाणी नसते.

बहुतेक जण आधी शाकाहारी माणूस शोधतात. माझ्या मते इथेच गफलत होते. मटणाचा नान-खलिया आवडीने खाणाऱ्या माणसाला ‘या घरात प्राण्यांपासून आलेले काही आणायचे नाही’ असे सांगितले, तर हे घर आपल्या घरासारखे नाही हे तो ओळखतो आणि काय चालते, काय चालत नाही ते विचारून घेतो. माळकरी किंवा स्वतःला शुद्ध शाकाहारी म्हणवणारा माणूस विचारत नाही, कारण आपले आणि यांचे एकच आहे असे त्याला मनापासून वाटते. दूध त्याच्या लेखी नुसते चालणारे नव्हे, तर पवित्र असते. पंचामृतातील पाचपैकी चार पदार्थ, दूध, दही, तूप आणि मध, हे व्हिगन घरात वर्ज्य आहेत, ही गोष्ट त्याच्या ध्यानातही येत नाही. जैन घरातील माणसाला मध वर्ज्य असल्याचे सांगावे लागत नाही, पण दूध-तुपाचे सांगावे लागते. म्हणून माळ, आडनाव किंवा जात पाहून माणूस निवडू नये. तसे करणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय कामाच्या दृष्टीनेही निरुपयोगी आहे. आपल्याला हवा आहे तो दुसऱ्याच्या घराचा नियम कुणी पाहत नसतानाही पाळणारा माणूस, मग तो स्वतःच्या घरी काहीही खात असो.

शोध सुरू करण्यापूर्वी घरातल्या घरात बसून स्वतःचे नियम ठरवून घ्यावेत, कारण नवरा एक सांगतो, बायको दुसरे सांगते आणि सासूबाई फोनवर तिसरेच सांगतात, असे झाले तर राखणदाराला दोष देता येत नाही. बाहेरून मागवलेले जेवण घरात आणलेले चालेल का, चहापुरते दूध चालेल का, चामड्याच्या चपला दाराबाहेर काढायच्या की आत आणलेल्या चालतील, शेजारून आलेल्या डब्याचे काय करायचे, याची उत्तरे आधी हवीत. या प्रत्येक प्रश्नावर वेगवेगळी सवलत ठेवली, तर ती कुणाच्याच लक्षात राहत नाही. मला एकच ठळक रेघ बरी वाटते: उंबऱ्याच्या आत काही नाही, उंबऱ्याबाहेर तुम्ही काय खाता ते आम्ही विचारणार नाही. हा नियम सांगायला सोपा आहे, पाळायला सोपा आहे आणि समोरच्याच्या खाण्यापिण्यावर न्यायनिवाडा करत नाही.

माणूस कुठे शोधावा, याचे उत्तर पाश्चात्त्य देशांत संकेतस्थळांवर मिळते. ‘ट्रस्टेडहाऊससिटर्स’सारख्या ठिकाणी सदस्य होऊन अनोळखी माणसे एकमेकांची घरे आणि जनावरे सांभाळतात. आपल्याकडे हे काम ओळखीतूनच होते. भाचे-पुतणे असतातच, पण नातेवाइकाला नियम सांगणे अनोळखी माणसाला सांगण्यापेक्षा अवघड जाते, हे लक्षात ठेवावे. गुरांच्या किंवा कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना विचारावे. त्यांच्याकडे जखमी भटकी जनावरे घेऊन येणारी जी तरुण मुले-मुली असतात, ती या कामाला फार चांगली, कारण प्राण्यांविषयीची कणव त्यांना शिकवावी लागत नाही. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ किंवा नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्या आसपास राहणारे संशोधक विद्यार्थी हा दुसरा चांगला पर्याय आहे. त्यांना अभ्यासासाठी शांत खोली हवी असते आणि सुट्टीतही ते शहरातच असतात. लातूरला शिकवण्यांसाठी आलेल्या मुलांना मात्र हे काम सांगू नये, कारण ती मुले वयाने लहान असतात आणि त्यांच्यामागे परीक्षेचा धाक असतो. सेवानिवृत्त जोडपे मिळाले तर उत्तम. दिवाळी आणि मे महिन्यासाठी दोन महिने आधी बोलून ठेवावे. सोसायटीच्या किंवा गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘अमुक तारखेपासून घरी कुणी नाही’ असे लिहिण्याचा मोह मात्र टाळावा.

पहिल्या भेटीत लांबलचक तत्त्वज्ञान सांगू नये. त्याऐवजी असे सांगावे की आपल्या भागातील रोजचे जेवण मुळातच बरेचसे चालणारे आहे. ज्वारीची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, मटकीची उसळ आणि वरून करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल, यात कुठेही दूध नाही. वरणावरचे तूप, धपाट्याबरोबरचे दही आणि ताकाची कढी एवढेच वगळायचे आहे. हे ऐकले की समोरच्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. तोपर्यंत त्याला पंधरा दिवस पालापाचोळा खावा लागेल असे वाटत असते.

मग प्रश्न विचारावेत. पण ‘नियम पाळाल ना’ असे विचारू नये, कारण त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. प्रसंग घालून विचारावे. रात्री दहाला भूक लागली आणि स्वयंपाकाचा कंटाळा आला, तर तुम्ही काय करता? आई गावाहून घरच्या तुपाची बरणी घेऊन थेट इथे आली, तर तिला काय सांगाल? येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूर-धाराशिवकडे शेजारीपाजारी आंबील आणि भज्जी देतात. त्या आंबिलीत ताक असते, तर ती नाकाराल की घ्याल? या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नाही. जो थोडा थांबतो, ‘तुमच्याकडे काय रीत आहे’ असे उलट विचारतो, किंवा ‘आईला बरणी गाडीतच ठेवायला सांगेन’ असे म्हणतो, त्याच्यावर विसंबायला हरकत नाही. जो हसून ‘त्यात काय एवढं, दुधाने काय होतंय’ म्हणतो, त्याला चहा पाजून प्रेमाने निरोप द्यावा.

चहावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण नियम मोडतो तो बहुधा इथेच. सकाळी उठल्यावर दुधाचा चहा मिळाला नाही तर मराठवाड्यातील माणूस दुपारपर्यंत उदास राहतो, हे मान्य करूनच व्यवस्था लावावी. सोयाबीनच्या दुधाचा चहा अनेकांना नासलेला वाटतो, आणि तो खरोखरच फाटलेला असतो, कारण पत्ती, साखर, आले आणि दूध एकत्र घालून खळखळ उकळण्याची आपली सवय त्या दुधाला मानवत नाही; उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की सोयाबीनमधील प्रथिने गोळा होतात. यावर उपाय असा: आले ठेचून पाण्यात चांगले उकळावे, मग पत्ती आणि साखर घालून कोरा चहा कडक करावा, आच बंद करून मिनिटभर थांबावे, आणि दुसऱ्या भांड्यात कोमट केलेले सोयाबीनचे दूध त्यात वरून ओतावे. पुन्हा उकळी आणू नये. राखणदार आला त्या दिवशी हा चहा आपण स्वतः करून दाखवावा आणि दुसऱ्या वेळी त्याच्याकडून करवून घ्यावा. तरीही नाही आवडला, तर कोपऱ्यावरच्या टपरीवर रोज दोन चहाचे पैसे आपण आधीच देऊन ठेवावेत. हा खर्च फार नाही, आणि घरात चोरून दुधाची पिशवी येण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

दुसरी अडचण पाकिटांची. पाकिटावरील हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच आहे. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध असलेल्या खाद्यालाही तो लावता येतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने व्हिगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले असून त्यांचे चिन्ह वेगळे आहे, त्यात व्ही हे अक्षर दिसते. पण गल्लीतील किराणा दुकानात ते चिन्ह असलेली वस्तू क्वचितच मिळते. म्हणून राखणदाराला पाकिटामागील घटकांची यादी आणि तिच्याखाली दिलेली ॲलर्जीची सूचना वाचायला शिकवावे. त्यात दुधाचा उल्लेख असेल तर पाकीट परत ठेवायचे. साधी बिस्किटेही पुष्कळदा इथेच अडतात. डबे आपणच भरून ठेवले, तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

देवघराविषयी स्पष्ट बोलावे. सश्रद्ध माणूस रिकाम्या घरात रोज दिवा लावतो, ही चांगलीच गोष्ट आहे, पण तो भक्तिभावाने तुपाचे निरांजन आणि दुधाचा नैवेद्य आणेल. तिळाच्या किंवा करडईच्या तेलाची बाटली आणि वाती देवघरातच ठेवाव्यात, आणि नैवेद्याला गूळ-खोबरे चालते असे सांगून टाकावे.

घरात कुत्रा असेल तर सूचना लेखी हव्यात. आपल्याकडे कुत्र्याला दूध-पोळी कालवून घालण्याची रीत आहे, आणि राखणदार मायेपोटी तेच करेल. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, एवढे कारण त्याला पुरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात, त्यामुळे उरलेली भाजी-आमटी त्याच्या ताटलीत टाकू नये. मांजर असेल तर गोष्ट आणखी वेगळी. मांजराला टॉरिनसारखे काही घटक अन्नातूनच मिळावे लागतात आणि ते नैसर्गिकरीत्या मांसातच असतात, म्हणून अनेक व्हिगन घरांत मांजरासाठी मांसाचे खाद्य ठेवलेले असते. राखणदाराला ते डबे सापडले की ‘यांचे खायचे दात वेगळे’ असा समज होतो आणि मग बाकीचे नियमही सैल पडतात. म्हणून ते कपाट उघडून दाखवावे, कारण सांगावे, चमचा आणि ताटली वेगळी ठेवावी.

उंदीर, साप, विंचू यांचा विषय पावसाळ्यात टाळता येत नाही. उंदरासाठी चिकट कागद आणि विषारी गोळ्या घरात आणू नयेत, पिंजरा कुठे आहे ते दाखवून ठेवावे. साप दिसला तर काठी न उचलता लांबून नजर ठेवावी आणि सर्पमित्राला बोलवावे. ओळखीच्या सर्पमित्राचा क्रमांक आणि वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी फ्रिजवर लिहून ठेवावी. मात्र राखणदाराच्या किंवा त्याच्या मुलांच्या जिवाला धोका असेल, तर त्याने आपल्या तत्त्वांची वाट पाहू नये, हेही आपणच स्पष्ट सांगावे.

निघण्यापूर्वी एक रात्र त्याला आपल्याबरोबर घरी राहू द्यावे. त्या रात्री फार शिकवू नये, फक्त पाहावे: तो कुत्र्याशी कसा वागतो, मिक्सरचे भांडे वापरून कसे ठेवतो, येताना पिशवीतून काय आणतो. नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, मोटर किती वेळ चालवायची, टाकी भरल्याचे कसे कळते, हे त्याच्या हातून एकदा करवून घ्यावे. पाण्याची पाळी नेमकी त्या दिवशी येईल असा मुहूर्त साधता आला तर फारच छान.

पैशाचे आधीच ठरवावे. नातेवाईक पैसे घेत नाहीत, तेव्हा त्यांचा प्रवासखर्च द्यावा आणि किराणा भरून ठेवावा; विद्यार्थ्याला ठरलेली रक्कम द्यावी, अर्धी जाताना आणि अर्धी आल्यावर. त्याच्याकडून मात्र आपण भाडे म्हणून एक रुपयाही घेऊ नये, कारण भाडे आले की प्रकरण वेगळे होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडे किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. राखणदाराशी एका पानाचे साधे पत्र करावे: कोण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, भाडे नाही, सोबत कोण राहणार, घराचे नियम आणि दोघांच्या सह्या. ओळखीसाठी शेवटचे चारच अंक दिसणारे आधार चालते. तो अनोळखी असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देऊन ठेवावी. त्याला वाईट वाटू नये म्हणून हे त्याच्यासमोरच सांगावे.

फ्रिजवर लावायचा कागद एकच असावा आणि तो मराठीत, मोठ्या अक्षरांत असावा. त्यावर उंबऱ्याचा नियम, पाण्याचे दिवस, कुत्र्याच्या जेवणाच्या वेळा, डॉक्टर, सर्पमित्र आणि एका शेजाऱ्याचा क्रमांक एवढेच असावे. शेजाऱ्यांनाही आपल्या घराची रीत आठवण करून द्यावी, म्हणजे काकू प्रेमाने खरवसाची वाटी घेऊन येणार नाहीत. घराबाहेर असताना रोज फोन करून चौकशी करू नये; दोन-तीन दिवसांनी कुत्र्याचा एक फोटो मागवला की बाकीचे आपोआप कळते.

परतल्यावर फ्रिजमध्ये दह्याचा डबा दिसलाच, तर लगेच तोंड सोडू नये. तो कसा आला ते विचारावे. शेजाऱ्यांनी दिला आणि टाकून देणे त्याला जड गेले, असे असेल तर पुढच्या वेळी कागदावर एक ओळ वाढवावी लागेल, एवढेच. लपवलेला असेल, विचारल्यावर उत्तर बदलत असेल, तर ठरलेले पैसे पूर्ण द्यावेत, आभार मानावेत आणि त्याला पुन्हा बोलावू नये. काम चोख झाले असेल, तर किल्ली परत घेतानाच पुढच्या सुट्टीच्या तारखा त्याच्या कानावर घालाव्यात, कारण अशा माणसाला दिवाळीत दुसरे कुणीतरी आधीच विचारून ठेवते.