समुद्रात उतरण्याआधी पाणी कसं बघायचं आणि रिप करंटने ओढलं तर काय करायचं

बीचवर गेलं की जिथे लाटा फुटत नाहीयेत, पाणी जरा शांत आहे, पोरांना घेऊन उतरायला बरं वाटतंय, अशी जागा आपण शोधतो ना, नेमकी तीच जागा बऱ्याचदा रिप करंटची, म्हणजे किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहाची असते.

कारण सोपं आहे. लाटा सारखं पाणी किनाऱ्याकडे ढकलत असतात, ते पाणी परत जायला वाट शोधतं, पाण्याखाली वाळूचे बांध असतात आणि त्यात कुठे खिंड सापडली की सगळं तिथून जोरात समुद्राकडे निघतं. खिंडीत खोली जास्त, म्हणून तिथे लाट फुटत नाही आणि वरून बघणाऱ्याला वाटतं वा, काय छान पाणी आहे. जेटी, बंधारा किंवा खडकांच्या कडेला तर असा प्रवाह जवळजवळ ठरलेलाच असतो, तिथून लांबच राहा.

आता रोजचा अंदाज. सर्फिंगसाठी लाटांचा अंदाज देणारं कुठलंही अ‍ॅप उघडलं की लोक फक्त लाटेची उंची बघतात आणि फोन खिशात. पण उंचीच्या शेजारी सेकंदात एक आकडा असतो, पिरियड, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते. 1 मीटरची लाट 6 सेकंदांची असेल तर ती जवळच्याच वाऱ्याने उठलेली असते, तीच 14 सेकंदांची असेल तर लांबच्या वादळातून आलेली, तिच्यात दुपटीहून जास्त ताकद असते आणि उथळ पाण्यात आली की अजून उंच होते. असा दिवस फसवा असतो, कारण ऊन पडलेलं असतं, वारा नसतो, दोन मोठ्या लाटांच्या झुंडींमध्ये काही मिनिटं समुद्र एकदम गप्प असतो. आणि हो, अंदाजातली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, त्यामुळे एखादी लाट त्याच्या दुप्पट आली तर अंदाज चुकला म्हणू नका.

वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर लाटा गुळगुळीत होतात, सर्फर खूश, पण हवा भरलेली ट्यूब किंवा गादी घेऊन पोरं उतरली असतील तर हा वारा बघता बघता त्यांना लांब नेतो. भरती-ओहोटीची वेळही बघा, ओहोटीच्या सुमारास पाणी त्या खिंडींमधूनच जातं म्हणून प्रवाह बहुतेक वेळा वाढतो, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात चढउतार मोठा असल्याने जास्तच.

हे सगळं घरी बघून झालं तरी किनाऱ्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा, जमलं तर थोड्या उंचावरून. फुटणाऱ्या पांढऱ्या लाटांच्या मध्ये गडद पट्टा दिसतोय का, फेस किंवा गढूळ वाळू आत जाताना दिसतेय का. नाही दिसलं म्हणजे नाहीच असं नाही, म्हणून लाइफगार्ड असेल तिथेच उतरा. लाल-पिवळा झेंडा असेल तर त्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, नुसता लाल म्हणजे धोका जास्त, बऱ्याच ठिकाणी पोहायला बंदीच, दोन लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही.

आणि ओढलंच तर? रिप तुम्हाला खाली खेचत नाही, समुद्रात आत नेतो, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. माणूस बुडतो तो दमून. जोराचा प्रवाह सेकंदाला 2 मीटरपेक्षाही वेगाने जाऊ शकतो, ऑलिंपिकवाल्यालाही उलटं पोहून जमणार नाही, मग आपण कोण. आधी पाठीवर तरंगा, श्वास ताळ्यावर आणा, हात वर करून ओरडा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडा आणि मग जिथे लाटा फुटतायत तिकडून किनाऱ्याकडे या. समांतर जाताना एका बाजूला पाणी जोर लावतंय वाटलं तर दुसरी बाजू धरा. काही रिप गोल फिरून परत उथळात आणतात पण त्याच्या भरवशावर राहू नका, मदतीसाठी हात मात्र हलवत राहा.

दुसरा कोणी अडकला असेल तर धावत उडी मारू नका प्लीज, वाचवायला गेलेलेच बुडाल्याच्या बातम्या आपण दरवेळी वाचतो. लाइफगार्डला बोलवा, अडकलेल्या माणसावरून नजर हटवू नका, तरंगेल असं काहीही फेका, बंद रिकामा कॅनसुद्धा चालतो. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, त्यात वेळ जातो आणि उलटी फुप्फुसात जाऊ शकते. आधी तोंडाने श्वास, मग छाती दाबणं, आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन दुसऱ्याने करायचा. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी खोकला थांबत नसेल किंवा धाप लागत असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या.