गोष्ट ऐकून डोळे भरले, गोळी मात्र राहिलीच

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी रक्तदाबाच्या रुग्णांसाठी एक गोष्ट लिहिली. गोळ्या टाळणारा बाप, एक दिवस त्याला आलेला झटका, मुलीची धावपळ. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. महिन्याभराने विचारलं, तर गोळ्या पूर्वीसारख्याच चुकत होत्या. एक आजोबा म्हणाले, "पोरी, महत्त्व कळतं गं. पण डबी दिसली की आपण आजारी आहोत हे आठवतं. म्हणून ती कपाटात आत ठेवतो." माझ्या गोष्टीने भीती वाढवून ती डबी आणखी आत ढकलली होती.

कथाकथन, वर्तनबदल आणि एआय एकत्र करून संशोधन करायचंय म्हणणाऱ्यांना मी आधी हा प्रसंग सांगते. बहुतेक जण एआय मॉडेल निवडण्यापासून सुरुवात करतात. तसं करू नका. आधी वर्तन ठरवा : कोणी, काय, कधी, कुठे करायचं. 'आरोग्याबद्दल जागरूकता' हे वर्तन नव्हे. नाश्त्यानंतर गोळी घेणं हे वर्तन. मग ते का होत नाही ते शोधा. मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेलं कॉम-बी मॉडेल इथे फार कामाचं आहे. क्षमता, संधी, प्रेरणा, यांतलं काय कमी पडतंय? आजोबांचं प्रेरणेत अडलं होतं. औषधच मिळत नसेल तर कितीही चांगल्या गोष्टीने काही होत नाही, आणि शोधनिबंधात तसं स्पष्ट लिहायची तयारी हवी.

गोष्टीत रंगलेला माणूस तिच्याशी जुळणारी मतं धरू लागतो, हे ग्रीन आणि ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलं. पण मत बदलणं वेगळं आणि हात हलणं वेगळं. निर्माते मिगेल साबिदो यांनी १९७५ मध्ये मेक्सिकोत प्रौढ साक्षरतेसाठी टीव्ही मालिका केली. त्यांच्या पद्धतीत चांगल्या आणि वाईट पात्रांमध्ये एक डळमळणारं पात्र असतं. ते घसरतं, सावरतं, पुन्हा घसरतं. प्रेक्षक स्वतःला तिथे पाहतो.

एआयकडून गोष्टी लिहून घेतल्या तेव्हा हे पात्रच नाहीसं झालं. जवळजवळ प्रत्येक मसुद्यात शेवटच्या परिच्छेदात माणूस सुधारतो आणि सुधारलेलाच राहतो. रुग्णांच्या मुलाखतींच्या कोडिंगमध्येही, म्हणजे प्रत्येक वाक्याला अर्थाचं लेबल लावतानाही, तेच. कपाटातल्या डबीचं वाक्य मॉडेलने 'विस्मरण' या खाली टाकलं. म्हणून माझा आग्रह आहे : पहिल्या वीस मुलाखती हाताने कोड करा, दोघांनी वेगवेगळ्या. मग कोहेनचा कॅपा, म्हणजे दोघांची लेबलं किती जुळली याचं माप, काढा, न जुळलेल्या वाक्यांवर भांडा. मॉडेल त्यानंतर. कंटाळवाणं आहे, पण कान इथेच तयार होतो.

करिअरबद्दल एवढंच सांगेन, घर एकच ठेवा. मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य किंवा संगणकशास्त्र, पण एका विषयाच्या पद्धती पक्क्या हव्यात. नाहीतर प्रत्येक रिव्ह्यूअर तुम्हाला दुसऱ्या विभागाकडे पाठवतो. माझी दोन वर्षं त्यात गेली.

गोष्ट मी नव्याने लिहिली. आता त्यातला बाप डबी चष्म्याशेजारी ठेवतो, चार दिवस गोळी घेतो, पाचव्या दिवशी विसरतो. त्याच आजोबांना वाचून दाखवली.

"विसरत नाही, टाळतो," ते म्हणाले. "शब्द बदल."

मी बदलला.